इंजिन तापेपर्यंत

आमच्या मंगरूळपीरला सकाळच्या चहाच्या टपरीवर माणसे गाडीच्या नावाने ओळखली जात. खरी नावे मतदार यादीत आणि रेशन कार्डावर. टपरीवर एक राजदूत होते, एक येझदी, एक लुना आणि एक एम-एटी. मला तोंडावर सगळे मास्तर म्हणत, पण माझी पाठ वळली की "सीडी गेली काय?" असेच विचारत, कारण माझ्याकडे १९९१ सालची हीरो होंडा सीडी १०० होती. गाडी बदलली तरी नाव बदलत नसे. लुनाभाईंनी पुढे लुना विकून स्प्लेंडर घेतली, तरी ते लुनाच राहिले. त्यांच्या मुलीला पाहायला पाहुणे आले, तेव्हा टपरीवर थांबून नाव सांगून घर विचारू लागले. कुणाला काही ओळखू येईना. शेवटी गाडीचा विषय निघाला आणि चौघे एकदम घर दाखवायला उठले.

मंगरूळपीर हे वाशीम जिल्ह्यातले तालुक्याचे गाव. नावातला पीर हजरत दादा हयात कलंदर यांच्या दर्ग्यावरून आला. १ जुलै १९९८ रोजी वाशीम जिल्हा वेगळा झाला. त्याआधी आम्ही अकोला जिल्ह्यात होतो आणि साध्या दाखल्यासाठीसुद्धा अकोल्याचे तोंड पाहावे लागे. गावाला रेल्वे नाही. वाशीम, कारंजा, मानोरा, शेलूबाजार असे चहूकडे रस्ते फुटतात आणि एसटी तिच्या वेळेने येते. शाळा सकाळची, दूध सकाळचे, बाजाराला जाणाऱ्याला ओट्यावरची जागाही सकाळीच धरावी लागते. म्हणून मोटारसायकल आमच्याकडे हौसेची वस्तू कधी झालीच नाही. मोठ्या शहरांत गाड्यांचे शौकीन जाकिटे घालून रविवारी घाट चढायला जातात असे ऐकतो. आमची मंडळी रोज जात, कॅरिअरवर दुधाचे कॅन, बांगड्यांच्या पेट्या, चपलांची पोती किंवा परीक्षेचे पेपर बांधून.

डिसेंबर-जानेवारीत फजरची जमात सहाच्या सुमारास होते आणि सूर्य उगवायला जवळजवळ सात वाजतात. मधला हा तास आमचा. मशिदीतून निघालेले आम्ही तिघे आणि शेताकडून, वाड्याकडून आलेले दोघे टपरीवर जमायचो. टपरीवाला स्टोव्हला पंप मारत असायचा. बाजूला कुणीतरी पऱ्हाटीची शेकोटी केलेली असे. पऱ्हाटी संपली की एखादा जुना टायर टाकी आणि मग सगळे नाकाला रुमाल लावून त्याला शिव्या घालत, पण शेकोटी सोडून कुणी हलत नसे.

जमायचे खरे कारण चहा नव्हताच. थंडीत गाड्या चालू होत नसत. ज्यांनी बटणाच्याच गाड्या चालवल्या त्यांना सांगितले पाहिजे की पेट्रोल स्वतः जळत नाही, त्याची वाफ जळते. गारठ्यात वाफ कमी होते, इंजिनातले ऑईल घट्ट होते, आणि किक मारणाऱ्याचा पाय तेवढा गरम होत जातो. चोक ओढला की हवा कमी, पेट्रोल जास्त असे मिश्रण आत जाते आणि गाडी धरते. पण धरल्यावर लगेच निघालात तर दहा पावलांवर बंद. राजदूत दोन-स्ट्रोक, तिचे ऑईल पेट्रोलमध्येच मिसळलेले, म्हणून राजदूतचाचा आधी गाडीला दोन्ही बाजूंनी पाळण्यासारखी झुलवत. मग कार्बोरेटरवरचे बटण पेट्रोल ओघळेपर्यंत दाबत. मग चावी न लावता चार किका, मग "बिस्मिल्लाह" म्हणून चावी, मग पाचवी. येझदीचा वेगळा थाट. म्हैसूरच्या कारखान्यातली ती गाडी, किकचा दांडा तोच गिअरचा दांडा; किक मारली की तो वळवून जागेवर आणायचा. येझदीमिस्त्री एसटीच्या डेपोतून निवृत्त झालेले मेकॅनिक. त्यांची गाडी एका किकेत चालू झाली नाही तर त्यांचा दिवस वाईट जाई. म्हणून ते सगळ्यांच्या आधी येऊन, कुणी पाहत नाही तोवर गाडी चालू करून ठेवत. हे सगळ्यांना माहीत होते आणि कुणी बोलून दाखवत नसे.

तर इंजिन तापेपर्यंत जो वेळ जाई त्या वेळेच्या या गप्पा. २०२० च्या एप्रिलपासून नव्या नियमांच्या गाड्या आल्या, साध्या गाड्यांनाही इंजेक्शन आले, चोकचा दांडा गेला. माझा पुतण्या बटण दाबतो आणि पाच सेकंदांत गल्लीच्या बाहेर असतो. चांगलेच आहे. फक्त त्याला शेलूबाजारच्या रस्त्यावर काय झाले ते कळत नाही.

कारण आमच्या गप्पांचा निम्मा भाग रस्त्याचा असे. कुठल्या मोरीवर गिट्टी टाकून ठेवली आहे, कुठे उसाची ट्रॉली मागच्या दिव्याशिवाय उभी आहे, अडाण नदीच्या बाजूला धुवारी किती उतरली आहे. धुवारी म्हणजे दाट धुके. तुरीच्या फुलोऱ्यावर ती बसली की शेतकरी हवालदिल होतो आणि रस्त्यावर बसली की आम्ही. त्याहून मोठी भीती रोह्यांची. पुस्तकात ज्याला नीलगाय म्हणतात तो आमचा रोही. हरभऱ्याच्या वावरातून रात्रभर चरून पहाटे रस्ता ओलांडतो. नर दोन क्विंटलहून जड. हरीण गाडीच्या आवाजाने पळते. रोही आधी थांबून विचार करतो आणि मग नेमका गाडीसमोर उडी घेतो. २००६ च्या जानेवारीत मानोऱ्याच्या रस्त्यावर लुनाभाई असेच धडकले. हासळीचे हाड मोडले आणि ते तासभर नालीत पडून राहिले, कारण ते कुठल्या रस्त्याने गेले हे कुणालाच ठाऊक नव्हते.

तेव्हापासून टपरीवर एक रीत पडली. कुणी ठरवली नाही. गाडीवर बसलेल्या माणसाला कुणीतरी विचारायचेच, "आज किधर से?" आणि त्याने सांगायचे, आसेगावकडून जातो, धानोऱ्याला थांबतो, चारपर्यंत परत. हेल्मेटपेक्षा आमचा या प्रश्नावर जास्त भरवसा होता, हे काही बरे नाही. कायद्यात हेल्मेट १९८८ पासून आहे. पण कानटोपी, तिच्यावर मफलर, त्यावर हेल्मेट कसे बसणार, असा आमचा युक्तिवाद. २०१६ साली राज्यात हेल्मेट नाही तर पेट्रोल नाही अशी घोषणा झाली, तेव्हा टपरीच्या खिळ्याला एक सामायिक हेल्मेट टांगले गेले. पेट्रोल भरायला जाणारा ते घेऊन जाई आणि आणून पुन्हा टांगे. आता त्या हेल्मेटात टपरीवाला अंडी ठेवतो.

समृद्धी महामार्ग आमच्या तालुक्यातून गेला. ११ डिसेंबर २०२२ ला नागपूर ते शिर्डी हा टप्पा खुला झाला त्या आठवड्यात टपरीवर दुसरा विषय नव्हता. पण त्यावर दुचाकीला बंदी. मोठ्या गाड्या वरून उडत जातात आणि आमच्या गाड्या खालच्या बोगद्यातून. एम-एटीवाले पाटीलभाऊ, ज्यांच्या भावकीची थोडी जमीन त्यात गेली, म्हणाले, "आपून खालूनच बरे. वर कोनी चहा पाजत नाही."

गप्पांची भाषा कोणती, हे मला अजून सांगता येत नाही. चाचा आणि मिस्त्री आपसात घरची बोली बोलत, ती उर्दूच्या शिक्षकाला चालली नसती. पाटीलभाऊ वऱ्हाडी. पण वाक्य एका भाषेत निघे आणि दुसऱ्या भाषेत पोहोचे. "मिस्त्री, जरा पाना द्या ना, नट ढिला झाला हाये" असे चाचा म्हणत, आणि पाटीलभाऊ उलट, "अरे यार, सुबे सुबे कायले खिटखिट लावता?" मी वर्गात प्रमाण मराठी शिकवत असे आणि रोज सकाळी अर्धा तास ही दुसरी भाषा शिकत असे. माझ्या लिहिण्यात जे काही जिवंत वाटते ते वर्गातून आलेले नाही.

राजदूतचाचा आमच्यात वयाने मोठे. मनियार, म्हणजे बांगड्यांचा पिढीजात धंदा. वडील घोड्यावर पेट्या लादून फिरत, चाचा आधी सायकलवर आणि १९७८ पासून राजदूतवर. एकशे पंचाहत्तर सीसीची ती गाडी त्यांनी दुसऱ्या हाताने घेतली होती. १९७३ च्या 'बॉबी' सिनेमात ऋषी कपूर चालवतो ती छोटी गाडीही राजदूतचीच, हे चाचा दर हिवाळ्यात एकदा तरी सांगत. फिरोजाबादचा माल, वीस-बावीस गावे, आणि प्रत्येक गावातल्या बायकांच्या मनगटाचे माप तोंडपाठ. सव्वादोन, अडीच, पावणेतीन. हात पाहिला की माप सांगत. बांगडी भरताना बाईच्या डोळ्यांत पाणी येऊ न देणे ही त्यांची कला. आमच्या भागात बांगडी फुटली असे म्हणत नाहीत, वाढवली म्हणतात. चाचाही गाडी आपटून पेटीतला डझनभर माल गेला तरी "आज बारा वाढवल्या" असेच म्हणत. उधारीची वही नव्हती. उधारी डोक्यात.

२०१२ च्या हिवाळ्यात काहीतरी वेगळे वाटू लागले. चाचा तेव्हा सत्तरीला टेकले होते. ते उजाडल्याशिवाय निघेनासे झाले. समोरून ट्रक आला की दिवा फुटून सगळीकडे पसरतो, आजकालचे दिवेच वाईट, असे म्हणत. मग माझ्या शाळेत एक गोष्ट घडली. पाचवीतली एक मुलगी मधल्या सुट्टीत मला म्हणाली, "सर, तुमच्या गावच्या बांगडीवाल्या बाबांनी माझ्या आजीला हिरव्या म्हणून निळ्या भरल्या. आजी काही बोलली नाही. ते गेल्यावर हसली." आजी हसली, पण मला हसू आले नाही. हिरव्या बांगडीचा अर्थ मनियाराला समजावून सांगावा लागत नाही. पन्नास वर्षांत ज्या माणसाने हिरव्याची निळी केली नाही, त्याला आता रंग दिसत नव्हता. मोतीबिंदूत डोळ्यातले भिंग पिवळट, मातकट होत जाते आणि निळ्या-हिरव्याचा फरक पुसट होतो, हे मला वर्गात शिकवायच्या पुस्तकातून माहीत होते. चाचांच्या संदर्भात ते आठवेल असे वाटले नव्हते.

मी ते टपरीवर सांगितले नाही. मिस्त्रींना एकट्याला सांगितले. ते म्हणाले, "मालूम है." त्यांना सहा महिन्यांपासून माहीत होते. चाचा स्पार्क प्लगची फट डोळ्यांनी न पाहता बोटाने चाचपत होते, त्यावरून.

पुढे दोनच दिवसांनी ती सकाळ आली. आभाळ लख्ख, चांदणी अजून दिसत होती, रस्त्याच्या पलीकडचे कडुलिंबाचे झाड पानापानाने दिसत होते. चाचांनी बशीतला चहा संपवला, रस्त्याकडे पाहिले आणि म्हणाले, "आज धुवारी लय हाये. थोडं थांबूनच निघतो."

कुणी बोलले नाही. टपरीवाल्याचा हात पातेल्यावर थांबला. पाटीलभाऊंनी माझ्याकडे पाहिले, मी शेकोटीकडे. मग पाटीलभाऊच म्हणाले, "हो चाचा, थांबा. लय हाये." आणि स्वतःचे दूध तापत पडले असतानाही तिथेच बसून राहिले, सूर्य चांगला वर येईपर्यंत.

त्या दिवशी दुपारी मिस्त्रींनी डाव टाकला. राजदूतचा आवाज बरोबर नाही, पॉइंट गेले आहेत, सामान अकोल्याहून मागवावे लागेल, आठ दिवस गाडी माझ्या अंगणात राहू द्या, असे सांगून गाडी ठेवून घेतली. चाचांनी ठेवू दिली. दुसऱ्या दिवशी ते चालत टपरीवर आले, चहा घेतला आणि सगळ्यांसमोर म्हणाले, "मिस्त्री, पॉइंट मी स्वतः घासतो, चौतीस वर्षं झाली. गाडी ठीक आहे. सरळ म्हणा ना, चाचाची नजर गेली."

मिस्त्री उठून बाजूला गेले. त्यांना रडू आले होते की राग, कळले नाही.

मग चाचांनी आपली अडचण मांडली, आणि ती डोळ्यांची नव्हतीच. मोतीबिंदू आहे हे त्यांना कळले होते. तो पिकल्याशिवाय काढत नाहीत ही जुनी समजूत, म्हणून एक वर्ष थांबले होते. लुनाभाईंच्या मुलाने, जो औषधाच्या दुकानात कामाला होता, समजावले की आता पिकण्याची वाट पाहत नाहीत. खराब भिंग काढून तिथे दुसरे बसवतात, अर्ध्या तासाचेही काम नाही. चाचा म्हणाले, तेही ठीक. पण संक्रांत तोंडावर आहे. चौदा जानेवारीपर्यंत वीस गावांत माल पोहोचला नाही, तर कासाराची पोरे नवी गाडी घेऊन फिरतातच. एकदा बाईने दुसऱ्याकडून बांगड्या भरल्या की तिच्या सुना आणि मुलीही तिकडेच जातात. "आँख बाद में भी मिलेगी मास्टर, गाव नहीं मिलता."

खरे होते ते. वर्षाच्या कमाईचा मोठा हिस्सा संक्रांत आणि लग्नसराईचा. ऑपरेशननंतर महिनाभर धूळ, धूर, गाडी सगळे बंद.

मग त्या सकाळच्या गप्पा जरा लांबल्या. कुणीतरी शेकोटीतल्या कोळशाने टपरीच्या फळीवर रेघा ओढल्या. मानोऱ्याकडची गावे लुनाभाईंना, शेलूबाजारकडची मिस्त्रींना, आसेगावची बाजू पाटीलभाऊंना दुधाबरोबर, आणि माझ्या शाळेच्या वाटेवरची तीन गावे मला. चाचा माल बांधून देणार. प्रत्येक पुडक्यावर लिहायचे काम माझे, आणि चाचा डोळे मिटून सांगत: पाटलाच्या वाड्यामागची, अडीच, हिरवा बिलोरी, दोन डझन, मागचे चाळीस बाकी, मागू नका, ती स्वतः देईल. शंभरावर घरे. एकाही ठिकाणी अडखळले नाहीत.

डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात अकोल्यात त्यांच्या एका डोळ्याचे ऑपरेशन झाले. काही दिवस वाकायचे नाही, म्हणून ते मशिदीत खुर्चीवर बसून इशाऱ्याने सजदा करत आणि काळा चष्मा लावून टपरीवर येत. आम्ही त्यांना हिशेब देत असू. आमची फजिती ऐकून ते खूष होत. बांगड्या पोहोचवणे एक आणि भरणे दुसरे. मी तर हात लावणार नव्हतो. अंगणात पुडके ठेवून, पैसे घेऊन निघायचो. तरी एका गावात म्हाताऱ्या बाईने विचारले, "गुरुजी, पगार पुरत नाही काय?" मिस्त्रींनी शेलूबाजारकडे सगळ्या अडीचच्या बांगड्या सव्वादोनच्या घरी दिल्या आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा सगळी गावे फिरून बदलून आणल्या, पेट्रोल स्वतःचे. लुनाभाई मात्र या कामात रमले. ते रंगांची तारीफ करून जास्तीचा माल खपवून आले आणि चाचांना काळजी वाटू लागली.

संक्रांतीच्या आदल्या दिवशी पाटीलभाऊ एक पुडके परत घेऊन आले. दोन डझन हिरव्या, पावणेतीन. माप मोठे, म्हणजे वयस्क हात. चाचांनी पुडके हातात घेतले, बोटाने बांगडी चाचपली आणि घर ओळखले. "का परत?"

पाटीलभाऊ म्हणाले, "बुढा गेला ना तिचा. पंधरा दिवस झाले."

चाचा पुडक्यावरची सुतळी उगीच सोडत-बांधत राहिले. चाळीस वर्षांपूर्वी त्या घरात नवरी आली तेव्हा पहिला चुडा त्यांनीच भरला होता, हे त्यांनी नंतर सांगितले. तेव्हा एवढेच म्हणाले, "मी फिरत असतो तर त्याच दिवशी कळलं असतं."

डॉक्टरांनी गाडीची परवानगी दिली तेव्हा फेब्रुवारी सरत आला होता. सकाळी अजून गारठा होता. मिस्त्रींनी राजदूत स्वतः धुऊन, प्लग घासून आणून उभी केली. चाचांनी ती दोन्ही बाजूंनी झुलवली, बटण दाबले, चार किका मारल्या. आम्ही चहाचे ग्लास हातात घेऊन पाहत होतो. कॅरिअर मोकळे होते, दोऱ्याही बांधल्या नव्हत्या.

"पेट्या?" लुनाभाईंनी विचारले.

"आज माल नाही."

"किधर से?"

"आसेगावकडून. त्या बाईच्या घरी बसून येतो. जोहरच्या आत परत."

पाचव्या किकेला गाडी चालू झाली. इंजिन तापेपर्यंत ते तिच्यावर बसून राहिले, मग निघाले.